डायलवरचं सिलोन

जुन्या रेडिओचं बेकलाइट, म्हणजे कॅबिनेटचं कडक प्लास्टिक, बहुतेक वेळा नॉब काढतानाच फुटतं. कुणीतरी घाईनं नॉबच्या मागे स्क्रूड्रायव्हर घालून तिरका रेटतो आणि कॅबिनेटला केसाएवढी चीर जाते. ती पुढं वाढतच राहते.

2018च्या पावसाळ्यात माझ्याकडे दुरुस्तीला आलेला तपकिरी रेडिओ सेट मात्र अखंड होता. आणणारा चाळिशीचा. "काका, आईचा आहे. लागला पाहिजे बस." ब्लूटूथ बसवून द्या म्हणाला नाही, तिथंच मला आवडला.

सेट पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या पाच नळ्यांचा, एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारा. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. यूसीएच 42 पासून यूवाय 41 पर्यंत सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले, एक गेला की पाचही अंधारात. शिवाय पिन उलटी लागली तर चासीवरच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरच फेज. म्हणून नॉबच्या बारीक ग्रब स्क्रूवर कंपनीनं मेण भरलेलं असायचं, बोटाला झटका बसू नये म्हणून. ते मेण पन्नास-साठ वर्षांत दगड होतं, आत स्क्रू गंजलेला. मी सुईनं मेण कोरलं, तेलाचा एक थेंब सोडला आणि रात्रभर थांबलो. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूवर टेकवलं, बेकलाइटला लागू न देता. चार नॉबना दोन दिवस गेले. हे दोन दिवस बिलात दिसत नाहीत.

व्हॉल्व्ह सरळ वर ओढले, डोलवायचे नाहीत, नाहीतर काच पिनांपाशी तडकते. यूएल 41 या व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा कागदी कंडेन्सर आधी बदलला. तो गळका असला की व्हॉल्व्ह तापून मरतो, आणि असा व्हॉल्व्ह आता पुण्यातली तपकीर गल्ली पालथी घातली तरी मिळत नाही. स्पीकरच्या कोनाची फाट टिश्यू पेपर आणि पातळ फेविकॉलनं सांधली. मग सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, सेट लावला. हल्ली व्हिडिओ बघून लोक असा सेट थेट 230 व्होल्टवर लावतात आणि धूर निघाला की माझ्याकडे घेऊन येतात. कॅबिनेटला पाण्याचा थेंब लावला नाही, कारण चकाकी गेलेल्या जागी बेकलाइटमध्ये मिसळलेला लाकडाचा भुसा फुगतो. मेटल पॉलिशनं चोळलं, फडकं तपकिरी झालं, कार्बोलिक साबणासारखा वास सुटला. म्हणजे माल अस्सल.

एवढं सगळं केल्यावर उरली डायलची काच. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात. ती बाजू पुसायची नाही, कोरड्या ब्रशनंसुद्धा जपून. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो. त्या संध्याकाळी झुरळानं केलेला एक ठिपका मला दिसला. ओलसर कापूस हलकेच टेकवला. ठिपका आला, आणि सोबत 41 मीटरजवळचं सोनेरी 'सिलोन'ही आलं. इंग्रजीतली सहाच्या सहा अक्षरं कापसावर.

न्यायला तो आईला घेऊन आला. सेट लावला, पुणे केंद्र 792 वर खणखणीत. आजींनी शॉर्टवेव्हचं बटण फिरवलं, काटा सरकवत बरोबर त्या जागी आणला आणि काचेवर बोट ठेवलं.

"इथं सिलोन लिहिलेलं असायचं ना हो?"

मी म्हणालो, "काही सेटवर नसायचं, आजी."

"असेल बाई. हल्ली माझंच विसरायला होतं."

अठराशे सांगितले होते, पंधराशे घेतले. मुलगा दोनदा थँक्यू म्हणाला.

सेट उघडायच्या आधी मी नेहमी फोटो काढतो. त्या फोटोत 'सिलोन' स्वच्छ वाचता येतं. त्यावरून मी त्याच मापाचा, त्याच सोनेरी रंगाचा स्टिकर करून घेतला, पहिला फिका आला म्हणून दुसऱ्यांदा. लावायला दहा मिनिटं पुरतील. तो ग्रब स्क्रूंच्या डबीत आहे, मुलाचा नंबर वहीत आहे. फोन केला तर आधी काय सांगायचं, तिथं अडतं.