ठमीने माती खाल्ली

रात्री साडेअकराला बाथरूमच्या बाजूने कुरुमकुरुम आवाज आला. माझ्या मांजरीची, ठमीची, वाटी माझ्या पायाशी होती, तीही भरलेली. मग ही चावतेय काय? दिवा लावला. बाईसाहेब लिटरच्या, म्हणजे त्यांच्या शी-शूसाठी ठेवलेल्या खड्यांच्या, ट्रेमध्ये चारही पाय रोवून उभ्या, मान तिरकी आणि दाढेखाली एक करडा खडा. मला बघून चावणं थांबलं नाही. 'दिवा कशाला लावलास?' एवढंच डोळ्यांत.

'माती खाणं' म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. ते असं शब्दशः चाललेलं बघून मला हसूच आलं. फोटो काढला, दोघातिघांना पाठवला, 'वाण नाही पण गुण लागला' अशी उत्तरं आली. या थट्टेत दोन दिवस गेले. मधूनमधून मी 'ठमेऽ, थूऽ' असं ओरडत होते, बस्स.

आणि लिटर म्हणजे खरोखर मातीच. 1947 साली अमेरिकेत एड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याने तिला तेलाचे डाग टिपायला वापरतात ती माती दिली, आणि पुढे तोच त्याचा मोठा धंदा झाला. ही माती म्हणजे फुलर्स अर्थ, चेहऱ्याला फासतात त्या मुलतानी मातीच्याच कुळातली. आता सर्रास मिळतं ते बेंटोनाइट. ज्वालामुखीच्या राखेतून बनलेली ही माती पाणी लागलं की फुगते आणि तिचा घट्ट गोळा होतो. मला तो गोळा फार आवडायचा. चाळणीच्या चमच्याने उचलला की काम संपलं! पण ट्रेमध्ये जी फुगते ती पोटातही फुगेल आणि आतडं तुंबवू शकेल, हे लक्षात यायला मला तिसरा दिवस उजाडावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर वय विचारलं. साडेतीन महिने. लिटरचा गोळा होतो का? होतो. उलटी, शी बंद, खाणं बंद, असं काही? नाही. मला वाटलं, सुटले. पिल्लं काय, दिसेल ते तोंडात घालतातच. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तिचा ओठ जरा वर करा आणि हिरड्यांचा रंग सांगा."

यशोदेला तोंडात अख्खं ब्रह्मांड दिसलं होतं. मला दिसली एक पांढुरकी हिरडी. गुलाबी हवी होती, पण खडूसारखी फिकट होती. "लगेच घेऊन या," बाई म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांनी बारीक दातांची फणी ठमीच्या पाठीवरून शेपटीकडे ओढली. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले. ते ओल्या कापसावर झटकले आणि आम्ही दोघी बघत राहिलो. कण विरघळले आणि प्रत्येकाभोवती तांबूस वलय पसरलं. पिसवांची शी होती ती. म्हणजे पचलेलं रक्त, आणि तेही ठमीचंच. मी जिला धूळ समजून रोज हाताने झटकत होते, ती ही. एवढ्याशा जिवात रक्त असतं किती, आणि पिणाऱ्या किती! तपासणीत रक्तक्षय निघाला. रक्त कमी झालं की काही मांजरं लिटर चाटायला, खायला लागतात आणि कधीकधी मालकाला दिसणारी पहिली खूण तीच असते, असं बाईंनी सांगितलं. मोठं मांजर अचानक असं करायला लागलं तर त्या मूत्रपिंडही तपासतात. म्हणजे माती कुणी खाल्ली होती ते ठरलं, आणि ती ठमी नव्हती.

ठमीचं वजन करून पिसवांचं औषध मिळालं. कुत्र्यांसाठीचं चुकूनही लावू नका, अशी तंबीही मिळाली. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराला ते विषासारखं. घरी येऊन ठमीच्या गोधड्या गरम पाण्यात टाकल्या, कारण पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर थोडीच राहतात, ती अंथरुणात गळून पडतात. बेंटोनाइटची अख्खी पिशवी उचलून बाहेर ठेवली आणि ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्यांचं लिटर आलं. मक्याचं आणि सोयाबीनचंही मिळतं, पण खाणाऱ्या प्राण्यापुढे खाण्याच्या वासाचं लिटर ठेवायचं धाडस मला झालं नाही.

कागदाची पहिली गोळी ठमीने उचलली. माझा श्वास अडकला. तिने ती दोनदा हवेत उडवली, पंजाने ढकलत दारापर्यंत नेली आणि माझ्या चपलेत टाकून दिली. खाणं कमी होत होत दोनेक आठवड्यांत थांबलं.

मला मात्र हिरड्या बघायची खोड लागली. इतकी, की माझा हात ओठाकडे वळतोय हे दिसताच ठमी तोंड फिरवते आणि पाठ करून बसते. मग मी तिच्या जांभईची वाट बघत ताटकळते. आज सकाळी एक मिळाली, लांबलचक, जीभ वळवून दिलेली. गुलाबी होत्या.