तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे परदेशात एम.एस. करायचंय, मग बी.ई.ला किती पैसे घालायचे?

इंजिनीअरिंगच्या सीईटीचे पर्सेंटाइल लागले की ओळखीपाळखीतून हाच प्रश्न येतो. "पोराला पुढे एम.एस. करायचंच आहे. मग आत्ता सरकारी कॉलेज घ्यावं, की पैसे भरून पुण्यातलं नावाजलेलं खाजगी?" मी कराडच्या सरकारी कॉलेजातून बी.ई. आणि मग गेट (एम.टेक.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) देऊन एम.टेक. केलं, त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार हे विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं. तरी विचारतात.

पुढे शिकायचं नक्की असेल, तर बी.ई.ला कमीत कमी पैसे घाला. याचं कारण अगदी व्यवहारी आहे. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात. त्यावर गेलात की बहुतेक वेळा फ्लॅट नाहीतर एफडी मागतात. अमेरिकेतल्या एम.एस.चा खर्च त्याच्या कितीतरी पट, आणि आय-ट्वेंटी (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद) मिळवायला पैशांची सोय आधी दाखवावी लागते. घराचे कागद बी.ई.साठीच बँकेत जाऊन पडले, तर चार वर्षांनी तारण काय ठेवणार?

खाजगी कॉलेज म्हणजे महागच, असंही नाही. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस ही सरकारी योजना बघा: ट्यूशन फी माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांची पसंती भरायच्या अर्जात) त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, तो भरला नाही तर जागा मिळत नाही, आणि एकदा घेतल्यावर कॉलेज बदलता येत नाही. मुलींसाठी २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतून कॅपने, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तर ट्यूशन आणि परीक्षा फी शासन भरतं. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल आणि मेस मात्र आपल्याच खिशातून. म्हणून कॉलेजच्या फी-पत्रकावरचा प्रत्येक आकडा वाचा, नुसता ट्यूशनचा नाही.

आता खरी अडचण. प्रश्न बहुतेक वेळा सरकारी की खाजगी असा नसतोच. सरकारीत सिव्हिल की खाजगीत कॉम्प्युटर, असा असतो. इथे माझा काटकसरीचा सल्ला मी गुंडाळून ठेवतो. मुलाला पुढे कॉम्प्युटरच करायचं असेल, तर सिव्हिल घेऊन वाचवलेले पैसे हे नुकसानच. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मध्यमवर्गाचा डोळा तिकडे असतो. पण तिथे तुमचे बी.ई.चे विषय आणि क्रेडिट तपासतात, आणि शाखा जुळली नाही की अर्ज बाद होऊ शकतो. गेटचं तसं नाही. सिव्हिलवाल्यालाही कॉम्प्युटरचा पेपर देता येतो. मात्र एम.टेक.ला कुठल्या शाखेचे विद्यार्थी चालतात, हे प्रत्येक संस्थेचे नियम वाचूनच कळतं. एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. घरच्यांना त्यात श्रीमंती वाटणार नाही, पण पोरगं घरी पैसे मागत नाही.

कॉलेज बघायला गेलात की प्लेसमेंटचे फ्लेक्स बघत उभे राहू नका. कँटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं गाठा आणि दोनच गोष्टी विचारा. फायनल इयरचं प्रोजेक्ट स्वतः करता की रेडीमेड आणता? आणि एम.एस.च्या अर्जासोबतचं रेकमेंडेशन लेटर (शिफारसपत्र) कोण लिहितं? कित्येक ठिकाणी विद्यार्थीच टाइप करून आणतो आणि सर खाली सही ठोकतात. परदेशातला प्रोफेसर अशी पत्रं रोज वाचतो, त्याला ती लगेच ओळखू येतात. ज्याच्या हाताखाली पोराने सेमिस्टरभर काम केलंय असे एक सर किंवा मॅडम मिळाल्या, तर त्यांच्या पत्राचं वजन कॉलेजच्या नावापेक्षा जास्त. आणि ते स्वस्त कॉलेजातही मिळतं.

राहिला प्रश्न एम.एस. 'करायचंच आहे' याचा. सतराव्या वर्षी ठरवलेलं तिसऱ्या वर्षापर्यंत टिकेलच असं नाही, एखादी बरी ऑफर आली की अमेरिका मागे पडते. पण अंगावर कर्ज नसलेल्या पोराला ऑफर नाकारताही येते आणि घेताही येते. तेव्हा आधी त्याच्याशी बोला. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना तरी त्याला शेजारी बसवा. बहुतेक घरांत तो एकटे बाबाच भरतात.