बनी तो बनी, नहीं तो परभणी : गुलमर्गातले चार दिवस

परभणीच्या माणसाने स्कीइंगवर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं. आमचा घसरण्याचा अनुभव पावसाळ्यातल्या काळ्या रानापुरता. तरी गेल्या फेब्रुवारीत मी, बायको, आठवीतली मुलगी आणि साडू असे चौघं गुलमर्गला चार रात्री राहून, पडून, धडपडून आलो.

जाण्याआधी ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘गुलमर्गला एक दिवस पुरे. श्रीनगरहून सकाळी निघा, गोंडोला (डब्यांचा रोपवे) करा, संध्याकाळी परत.’ बर्फ नुसता बघायचा असेल तर हा सल्ला ठीक आहे. स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, पायात बांधायच्या असतील तर मुक्काम वरच करा. दिवसभरात येऊन-जाऊन हाती चार तास लागतात, त्यातला एक तास बूट घालण्यात जातो.

आम्ही सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून विमानाने श्रीनगर असं गेलो. आता कटरा ते श्रीनगर वंदे भारतही आहे (जून 2025 पासून), पण लेकरं बरोबर असतील तर इतका लांबचा रेल्वेप्रवास झेपेल का ते आधी बघा. श्रीनगरपासून गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. शेवटचे 13 किलोमीटर टंगमर्गपासून चढाचे, आणि बर्फ पडला की चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर जाते. आमच्या ड्रायव्हरने हे श्रीनगरात सांगितलंच नाही. टंगमर्गात उतरवलं, दुसरी गाडी करायला लावली आणि भाडं मात्र गुलमर्गपर्यंतचं घेतलं. तेव्हा गाडी ठरवतानाच ‘वरपर्यंत, साखळीसकट’ असं बोलून घ्या. गमबूट आणि जाड कोट टंगमर्गात भाड्याने मिळतात. पण हातमोजे घरूनच न्या, भाड्याचे ओलसर असतात.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या वर आणखी हजार मीटर. जुनं नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान युसुफ शाह चकने गुलमर्ग, म्हणजे फुलांचं कुरण, केलं असं सांगतात. फेब्रुवारीत फूल कुठलं दिसायला! दिसतात ती सूचिपर्णी झाडं आणि गुडघाभर बर्फ. स्कीइंग इथे इंग्रजांनी आणलं. 1927 साली दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला, आणि ख्रिसमस-ईस्टरला इथे शर्यती होऊ लागल्या. 1948 मध्ये आपल्या सैन्याने स्की शाळा सुरू केली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे उंच डोंगरातल्या लढाईची शाळा, झाली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदार काका तिथे शिकून आलेले. निघताना त्यांनी एकच सांगितलं, ‘पडायला शिका आधी. बाजूला पडा, मागं पडू नका.’ पुढच्या चार दिवसांत याहून उपयोगी काही कुणी सांगितलं नाही.

पर्यटकांसाठीचं स्कीइंग त्यानंतरचं. 1968 मध्ये रुडॉल्फ मॅट नावाचे ऑस्ट्रियन स्कीपटू पाहणीला आले आणि हिवाळी खेळांना हीच जागा योग्य म्हणाले. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्थाही इथे त्याच सुमाराची. हिवाळ्यात तिचे अभ्यासक्रम चालतात. सुट्टी असेल आणि खरंच शिकायचं असेल तर आमच्यासारखा खाजगी प्रशिक्षक करण्यापेक्षा तिथे नाव घाला, शिस्तीत शिकवतात.

आम्ही मात्र प्रशिक्षक केला. नवशिक्यांच्या उताराला सगळे ‘बनी स्लोप’ म्हणतात. हे ऐकल्याबरोबर साडू खो खो हसले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ प्रशिक्षकाला ती म्हण समजावून सांगता सांगता आमची दखनी हिंदी संपली.

पहिला धडा थांबायचा. स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, गुडघे वाकवून टाचा बाहेर ढकलायच्या. प्रशिक्षक लेकीला ओरडून सांगत होता, ‘पिझ्झा बनाओ, पिझ्झा!’ तिला लगेच जमलं. साडूंना पिझ्झा कळेना. मग कुणीतरी म्हणालं, याला स्नोप्लाऊ म्हणतात, म्हणजे बर्फातला नांगर. तसे साडू म्हणाले, ‘मग आधी सांगायचं ना!’ आणि खाली गेले ते थेट एका बंगाली कुटुंबाच्या फोटोत जाऊन थांबले.

बुटांबद्दल नीट सांगतो, कारण माझा पहिला दिवस त्यातच वाया गेला. स्कीचा बूट घट्टच हवा, पण आत एकच लांब मोजा. मी तीन घातले होते. रक्त थांबून पाय बधिर झाला. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं उभे राहा, टाच उचलली जात असेल तर साइज बदलून घ्या. दर घासाघीस करून ठरवा आणि प्रशिक्षकाचे तास वेगळे की त्यातच, हेही विचारून घ्या. स्लेजवाले, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारे, मागे लागतात. ‘गाइड कंपल्सरी है’ म्हणणाऱ्याला हसून नको म्हणा. गोंडोलाला गाइड लागत नाही.

गोंडोलाची गोष्ट मला रांगेत उभं राहून वाचायला वेळ भरपूर मिळाला. 1988 मध्ये पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीशी करार, 1990 मध्ये काश्मीर पेटल्यावर काम बंद, आणि 1998 मध्ये पहिला टप्पा सुरू : गुलमर्ग ते कोंगडूरी. दुसरा टप्पा, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, 2005 चा. तो जवळपास 4,000 मीटरवर नेऊन सोडतो. 2011 पासून कोंगडूरीहून चेअरलिफ्टही आहे. तिकिटं ऑनलाइनच काढा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि गर्दीच्या दिवसांत लवकर काढा. खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका. दुसरा टप्पा वारा सुटला की बंद. आमचा दोन दिवस बंद होता, तिसऱ्या दिवशी वर गेलो तर बायकोचं डोकं दुखायला लागलं आणि वीस मिनिटांत खाली आलो. म्हाताऱ्या माणसांना आणि दमेकऱ्यांना कोंगडूरीपर्यंतच न्या, तिथलाही बर्फ काही कमी पांढरा नाही. अफरवटचे वरचे उतार नवशिक्यांचे नाहीतच. तिथे हिमस्खलन होतं, परदेशी स्कीवाले पाठीवर उपकरणं घेऊन, इशारे बघून उतरतात.

हॉटेलात हीटर असला तरी बुखारी, म्हणजे लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी, आहे का ते विचारा, कारण वीज जाते. आमचे घरून नेलेले धपाटे बॅगेत दगड झाले होते. बुखारीवर शेकून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले, तिथल्या पोऱ्यालाही दिले. शाकाहारी जेवण म्हणजे राजमा-चावल, चारही दिवस. मांसाहारी असाल तर श्रीनगरात पहाटे हरिसा, म्हणजे मटण घोटून केलेला घट्ट पदार्थ, खाऊन घ्या, तो थंडीतच मिळतो.

आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. चौघांत एक तरी पोस्टपेड हवं. थंडीने मोबाइलची बॅटरी बसते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा. चेहऱ्याला सनस्क्रीन लावा. न लावल्याने साडूंचं नाक आठवडाभर सोलत होतं, आणि लग्नसराई होती.

कधी जावं? जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. पण 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठाक होतं, लोक बर्फाविना परत आले. म्हणून विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढा, आणि सचखंडचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं त्याच सकाळी करा. परतीचं आम्ही दोन दिवस उशिरा केलं, तर दिल्लीहून जालन्यापर्यंत बाथरूमजवळ बॅगेवर बसून आलो. जालन्यात लंगरचं जेवण आलं तेव्हा कुठे लेक हसली.