हत्ती बघायला जाताय? आधी आंघोळीचं वेळापत्रक मागा

‘सँक्चुअरी’, म्हणजे हत्तींचं आश्रयस्थान, हा शब्द पाटीवर कुणीही रंगवू शकतं. थायलंडमध्ये तर ‘एथिकल’सुद्धा तितकाच स्वस्त झालाय. १९८९ साली तिथे व्यापारी जंगलतोडीवर बंदी आली. ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले, पर्यटनात शिरले. पुढे हत्तीवर बसण्याची बदनामी झाली तशी बऱ्याच कॅम्पांनी हौदा उतरवला आणि त्याच्या जागी पर्यटकांनी हत्तीला घालायची आंघोळ आणली.

म्हणून बुकिंगआधी फोटो बघत बसू नका, दिवसाचा कार्यक्रम मागवा. सकाळी एक बॅच, दुपारी दोन आणि प्रत्येक बॅचला आंघोळ असेल, तर विषय तिथेच संपला. हत्तीला पाणी आवडतं, पण तो स्वतःच्या लहरीने डुंबतो आणि बाहेर येऊन अंगावर माती उडवून घेतो. ऊन आणि किडे यांवर त्याचा तोच इलाज. ती माती दिवसातून तीनदा घासून काढायची आणि वर म्हणायचं, त्याला मजा येते! ठरल्या वेळी अनोळखी घोळक्यात निमूट उभा राहणारा हत्ती हुकमाखाली असतो. अंकुश दिसला नाही तरी माहुताच्या मुठीत खिळा असू शकतो. आणि हुकूम दर वेळी चालतोच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमध्येच हत्तीला आंघोळ घालताना एका पर्यटक तरुणीचा जीव गेला.

पिल्लू असेल तर ते कुठून आलं, हे विचारा. सुटका केलेल्या हत्तींच्या केंद्रात दर थोड्या दिवसांनी नवं पिल्लू जन्मत असेल, तर तो धंदा आहे. रात्रीची साखळी दिसली म्हणून मात्र लगेच नाक मुरडू नका. आजूबाजूला शेती असेल तर मोकळा हत्ती पिकात शिरतो. साखळी किती लांब आहे, आडवं होता येतं का, चारा-पाणी सोंडेच्या टप्प्यात आहे का, हे बघा.

तिथे पोचल्यावर नजर पायांकडे. काँक्रीटवर, ओल्यात आणि लघवीत उभं राहून नखं चिरतात, तळवे सडतात. पाळीव हत्तींचं मोठं दुखणं हेच. जागच्या जागी डोलणं हे ताणाचं लक्षण, पण जुनी सवय सुटकेनंतरही राहते, त्यामुळे एकट्यादुकट्यावरून निकाल देऊ नका. सगळेच डोलत असतील तर परत फिरा. मोठ्या हत्तीला दिवसाला साधारण दीडशे किलो चारा लागतो. गवताचा ढीग कुठेच नाही आणि पर्यटकांच्या हातात केळ्यांच्या टोपल्या, म्हणजे हत्ती त्या टोपलीसाठीच तुमच्याकडे येतोय.

खोकला असेल तर जाऊच नका. माणसाचा क्षयरोग हत्तीला होतो. फ्लॅश बंद ठेवा, दुर्बीण न्या. चांगल्या ठिकाणी तुम्ही मचाणावर असता आणि हत्ती लांब. झाडाआड नुसती पाठ दिसली तरी पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच धरून चला.