21 वरून 16 वर

आमची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी, 11 वर्षांची झाली. लिटरला 21 किलोमीटर देणारी गाडी उन्हाळ्यापासून 16 वर आली, आणि जो तो म्हणायला लागला, बॅटरी गेली, विकून टाक. मला पटेना. दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलला द्यावा, तर 20 टक्के मिसळल्यावरही फरक पडतो तो सहा-सात टक्क्यांचा, एवढा नाही. टायरची हवा बरोबर होती.

आज दांडिया बाजारातून येताना मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, इथे घरघर कसली येतेय?"

घरी येऊन सीटच्या बाजूची जाळी काढली. आत नमद्यासारखा जाड थर! वडोदऱ्याची धूळ, सीटचे धागे, मोतीचे केस. बॅटरी गार ठेवणारा पंखा त्यातूनच हवा ओढत होता बिचारा. बॅटरी तापली की गाडी तिच्याकडून काम कमी घेते, आणि एरवी बॅटरीने उचललेला भारही इंजिनवर पडतो. म्हणजे पेट्रोल.

जाळी धुतली, पंख्याची पाती मऊ ब्रशने हळूहळू साफ केली. बॅटरीच्या उच्च दाबाच्या केशरी वायरींना मात्र हात लावला नाही, तिथे जिवाशी गाठ असते.

टाकी फुल करून किलोमीटर वहीत लिहिलेत. पुढच्या रविवारी पुन्हा भरेन. आईला आकडा आत्ताच हवाय.