मीठ टाकायच्या आधीच

२०१८ साली दहावीचं विज्ञानाचं पुस्तक बदललं आणि बाजारातले जुने सगळे व्हिडिओ एका उन्हाळ्यात बाद झाले. शाळांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ बनवायच्या आमच्या धंद्याची सुरुवात त्या फटीतून झाली. भांडवल म्हणजे भाच्याचा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणि विनाअनुदानित शाळेत मी नऊ वर्षं शिकवलेलं विज्ञान. पगाराचं सांगत नाही. विनाअनुदानित म्हटलं की मराठवाड्यात पुढचं कुणी विचारत नाही. लग्नसराई संपली की भाच्याचा कॅमेरा तुळशीच्या लग्नापर्यंत पेटीत, आणि शाळांची खरेदी नेमकी जून-जुलैत. हिशोब बसला. जालन्यातल्या आमच्या जुन्या माळवदाच्या घराची पुढची खोली रिकामी केली, खिडकीला काळं कापड लावलं आणि झाला स्टुडिओ.

पहिला धडा घेतला तो तिसरा, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’. तो आम्ही ॲनिमेशनमध्ये केला. तांबं म्हणजे लाल गोटी, गंधक पिवळी, ऑक्सिजन निळी. गोट्या एकमेकींवर आदळायच्या, जोड्या बदलायच्या, मागे संगीत. पेन ड्राइव्हवर भरून ११ शाळांना विकला. अंबडकडच्या एका शाळेत दाखवायला गेलो तर एक मुलगी उठून म्हणाली, “सर, तांब्याचा अणू लाल असतो म्हणूनच तार लाल दिसती का?” वर्ग हसला, मीही हसलो. परत येताना मोटारसायकलवर हसू गेलं. एकट्या अणूला तांब्याचा रंग नसतो, तो असंख्य अणू एकत्र आले की दिसतो. पोरीनं चूक केली नव्हती, आम्ही शिकवलेलंच विचारलं होतं. आणि पंचवीस मिनिटांच्या त्या व्हिडिओत एकही खरी अभिक्रिया नव्हती.

ॲनिमेशन बंद केलं. खरं रसायन, खरी परीक्षानळी, समोर कॅमेरा.

सोपं वाटलं होतं. मॅग्नेशियमची फीत पॉलिश पेपरनं घासून पेटवली तर स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा. फीत नाही, चिमटा नाही, भाच्याची बोटंही नाहीत. दोन-तीन फिती गेल्यावर भाच्यानं कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून वेल्डिंगची काच मागून आणली आणि लेन्सपुढे धरली. आता ज्योत छान दिसली, कडा दिसल्या, पांढरी राख पडताना दिसली. फक्त ती काच हिरवट असते. व्हिडिओ गेला आणि आठवड्याच्या आत तीन शाळांतून प्रश्न आला, मॅग्नेशियम हिरवं जळतं का? तेव्हापासून एक्स्पोजर हातानं कमी करतो, आणि काच लावलीच तर ती आधी कॅमेऱ्याला दाखवतो.

आमचा धंदा ज्यामुळे उभा राहिला ते सिल्व्हर नायट्रेटचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगतो. पुस्तकातली दुहेरी विस्थापन अभिक्रिया, म्हणजे दोन संयुगं आपापले जोडीदार बदलतात ती: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं (सोडियम क्लोराइडचं) द्रावण टाकलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, तयार होतो. २५ ग्रॅमच्या बाटलीची किंमत ऐकून भाचा म्हणाला होता, एवढ्यात लग्नाचा एक अल्बम निघतो. मागे काळं कापड, बाजूनं एकच दिवा. मी स्फटिक चमच्यानं उचलले आणि चंचुपात्रातल्या पाण्यात सोडले. स्फटिक खाली जाता जाता त्यांच्यामागे पांढरी शेपटी उमटली, मग ढग, आणि काही क्षणांत सगळं पाणी ताकासारखं. कॅमेऱ्यामागून आवाज आला, “मामा, मीठ तर टाकलंच नाही आपण अजून.”

पाणी आमच्या बोअरचं होतं. नव्या बादलीवर महिनाभरात पांढरे पापुद्रे चढवणारं आणि साबणाचा फेस होऊ न देणारं, आपल्याकडचं नेहमीचं पाणी. त्यात क्लोराइड आधीच विरघळलेलं होतं. नऊ वर्षं फळ्यावर हे समीकरण लिहिणाऱ्या माणसानं बोअरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकावं, याची लाज वाटली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून पुन्हा शूटिंग केलं, तेव्हा द्रावण काचेसारखं नितळ राहिलं आणि मीठ टाकल्यावरच पांढरं झालं. हा चांगला शॉट आम्ही धड्यात घातला.

फसलेला शॉट भाच्यानं मला न विचारता यूट्यूबवर टाकला, त्याच्या त्या वाक्यासकट. आमच्या कुठल्याच व्हिडिओला मिळाले नव्हते इतके प्रेक्षक त्याला मिळाले. परतूर, सेलू, गंगाखेडच्या शिक्षकांचे फोन यायला लागले. मुलं आपापल्या घरचं पाणी बाटलीत भरून शाळेत आणताहेत आणि कुणाचं जास्त दुधाळ होतं ते बघताहेत, म्हणाले. त्यानंतर नियमच करून टाकला: फसलेला शॉट कापायचा नाही, तो का फसला ते त्याच व्हिडिओत सांगायचं.

त्या बाटलीनं आणखी एक काम केलं. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उजेडात डाग काळा पडतो आणि धुऊन जात नाही. मतदानाच्या शाईत हेच असतं. भाच्यानं हातमोजे घातले नव्हते. काळ्या बोटांनी तो एका हळदीचं शूटिंग करून आला आणि नवऱ्याकडच्या बायकांनी त्याला पोह्यांची बशी लांबूनच दिली. पुढे लॉकडाउनमध्ये एका शहरातल्या मोठ्या क्लासनं आमचे व्हिडिओ आमचं नाव पुसून, आवाज बदलून स्वतःच्या ॲपवर चढवले. आम्ही फोन केला तर म्हणाले, आमचेच आहेत. मग त्यांच्याच व्हिडिओतला, परीक्षानळी धरलेल्या तीन काळ्या बोटांचा फोटो काढून त्यांना पाठवला. पैसे मिळाले नाहीत, व्हिडिओ मात्र दुसऱ्या दिवशी उतरला.

बाकीचा धंदा तसा सरळ आहे. आज ६२ शाळा वर्षाची वर्गणी भरतात. काही मार्चअखेर देतो म्हणतात आणि ‘मार्च’ कोणता ते सांगत नाहीत. सेमी-इंग्रजीमुळे प्रत्येक व्हिडिओला दोन आवाज द्यावे लागतात, एकात ‘अवक्षेप’, दुसऱ्यात ‘प्रेसिपिटेट’. मी दोन्हींत आधी ‘साका बसला’ म्हणतो. तेवढं मुलांना घरून येतं.

विस्थापनाचा, म्हणजे एक धातू दुसऱ्याची जागा घेतो त्याचा, व्हिडिओ तर घरूनच आला. लोखंडी खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ठेवला की त्यावर तांब्याचा थर चढतो आणि निळं द्रावण फिकट हिरवं होत जातं, हे आम्ही दाखवलं होतं. घनसावंगीकडच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला, सर, हे आमचे आबा मोसंबीच्या बागेत करतात. गेलो. आबांनी प्लास्टिकच्या एका बादलीत १ किलो मोरचूद भिजवलेलं, दुसरीत १ किलो चुना, दोन्ही मिळून १०० लिटर पाणी; १ टक्क्याचं बोर्डो मिश्रण, बुरशीवरचं औषध. फवारणीआधी त्यांनी घासून लखलखीत केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवला आणि वर काढला. पात्यावर तांबूस झाक होती. न बोलता आणखी चुन्याची निवळी ओतली, ढवळलं, विळा पुसून परत बुडवला. या वेळी पातं तसंच पांढरं. मोकळं मोरचूद उरलं तर पानं करपतात, आणि ते उरलंय हे लोखंडावर चढलेलं तांबं सांगतं. “चुना कमी पडला की विळा तांबडा व्हतो,” आबा म्हणाले, “ह्याची कामून शूटिंग करायलाव?” तो व्हिडिओ आबांच्या याच प्रश्नानं सुरू होतो.

सध्या खोलीत सराफाकडून उसना आणलेला काटा आहे. एका विद्यार्थिनीनं विचारलंय, तांबं चढल्यावर खिळा जड होतो की हलका? कागदावर उत्तर सोपं आहे. ५६ ग्रॅम लोखंड द्रावणात गेलं तर ६३.५ ग्रॅम तांबं बाहेर येतं, म्हणजे खिळा जड व्हायला हवा. आमचा तीनदा हलका भरला, कारण उचलताना तांब्याची पापडी सुटून तळाशी पडते. आता ती गाळून, वाळवून खिळ्यासोबत तोलायची आहे. गाळणकागद उद्या येतील. तिन्ही चुकीची वजनं भाच्यानं आधीच व्हिडिओला जोडून ठेवलीत.