इम्प्लांट टिकतं ते हाडावर

दाढ काढली की तिथलं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते, आणि यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘दुखत तर नाही, बघू दिवाळीनंतर’ म्हणत दोन-तीन वर्षं काढली, की शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरची दाढ खाली उतरते. मग कृत्रिम दातासाठी इम्प्लांटचा स्क्रू बसवायला पुरेसं हाडच उरत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत चौकाचौकांत इम्प्लांटच्या पाट्या दिसतात. त्यांवर कंपनीचं नाव मोठं असतं, हाडाबद्दल अवाक्षर नसतं.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड, आठ ते तेरा मिलिमीटर लांब. त्यावर अबटमेंट हा जोड आणि त्यावर कॅप. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५० च्या दशकात, सशांवरच्या प्रयोगांत. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, करायचा तर ते दोन धडधाकट दात घासावे लागतात. इथे त्यांना हातही लागत नाही, हा मोठाच फायदा.

आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन हवाच. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या जबड्यातल्या नसेपासून किमान २ मिलिमीटर, शेजारच्या मुळापासून दीड आणि दोन इम्प्लांटमध्ये ३ मिलिमीटर अंतर सोडतात. नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कधी कायमची. वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे हाड जेमतेम चार-पाच मिलिमीटर उरलं असेल, तर बहुतेक वेळा पोकळीचं अस्तर वर उचलून (सायनस लिफ्ट) खाली हाडाची भर, म्हणजे ग्राफ्ट, भरावी लागते आणि काही महिने वाढतात.

छिद्र बारीक ड्रिलपासून टप्प्याटप्प्याने मोठं करतात, सलाईनची धार अखंड चालू ठेवून. हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं तरी पेशी मरतात आणि मग स्क्रूभोवती हाडाऐवजी मऊ पेशीजाल तयार होतं. बोथट ड्रिल आणि घाई, दोन्हींचा शेवट हाच.

त्यानंतर थांबणं. खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्या सच्छिद्र हाडात चार ते सहा. सुरुवातीला जुनं हाड थोडं विरघळतं, मग नवं तयार होतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सगळ्यात नाजूक असते. दुखणं थांबलेलं असतं, म्हणून लोक नेमकी तेव्हाच त्या बाजूने सुपारी नाहीतर चिक्की फोडतात. लगेच दात हवा असेल तर स्क्रू साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर इतका घट्ट बसलेला असावा लागतो आणि तात्पुरता दात चावताना समोरच्या दाताला टेकू देत नाहीत. ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशी जाहिरात वाचून जाणाऱ्यांनी हे दोन मुद्दे आधी विचारावेत. पहिले काही दिवस गार, मऊ खाणं. मामलेदारची मिसळ टाके निघाल्यावर.

डॉक्टरांपासून लपवू नयेत अशा गोष्टी: तंबाखू, मशेरी, गुटखा, सिगारेट. मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) नियंत्रणात आणूनच शस्त्रक्रियेला बसावं. आणि हाडं ठिसूळ झाल्याबद्दलची औषधं, म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन. आईला विचारलं की ती बीपीची गोळी सांगते, हे इंजेक्शन सांगत नाही. या औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

पुढे इम्प्लांट निकामी होतं ते बहुधा हिरडीखालच्या जंतुसंसर्गाने. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालचं हाड न दुखता झिजतं. ब्रश करताना रक्त येणं ही त्याची पहिली खूण. रोज दातांच्या फटींत फिरवायचा इंटरडेंटल ब्रश आणि दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेलं सिमेंटही हाच त्रास देतं, त्यामुळे जमेल तिथे स्क्रूने बसणारी कॅप मला जास्त पटते. कॅप हलायला लागली तर घाबरू नका, बऱ्याचदा आतला छोटा स्क्रूच ढिला झालेला असतो. पण तसंच चावत राहिलात तर तो तुटतो आणि काढणं जिकिरीचं होतं.

खर्च झेपत नसेल तर नेरुळ, सीबीडी-बेलापूर, खारघर, कामोठे इथल्या दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे खेपा जास्त पडतात.

कुठेही केलंत तरी इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. कंपनीगणिक स्क्रू फिरवायचा ड्रायव्हर बदलतो. पुढे गाव बदललं आणि कॅप ढिली झाली, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच लागेल.